एवढा ऑगस्ट होऊ दे

पेटन्स लँडिंग, मिझुरी
१२ सप्टेंबर १८५४

अँब्रोजदादा,

निवडून आलास, अभिनंदन. कोर्टाचा कारकून झालास. गावातले लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, "मिली, काय मतं पडली गं तुझ्या भावाला!" मी हसून मान हलवते. घरी येऊन भांडी आपटते.

कारण तुझी चिठ्ठी. 'सॅब्राला झालेली मुलगी वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे माझी आहे. तशी नोंद केली आहे. दूध सुटेपर्यंत तुमच्याकडे राहू द्यावी.' तीन ओळी, सही आणि खाली कोर्टाचा शिक्का. सख्ख्या बहिणीच्या चिठ्ठीवर शिक्का मारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मृत्युपत्र मलाही पाठ आहे. बाबांनी आपल्या गुलामांतली सॅब्रा मला दिली आणि तिला पुढे होतील ती मुलं तुला. पण जूनमध्ये माझ्या नवऱ्यानं, ओटमारनं, सॅब्राला मोकळं करायचा कागद तयार केला होता. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या होत्या. कोर्टात नोंदवायचा तेवढा राहिला होता. नोंद झाली असती तर सॅब्रा मोकळी झाली असती, आणि मोकळ्या बाईचं मूल मोकळंच जन्मतं. मग बाबांची ती ओळ कागदावरच राहिली असती.

आणि तेव्हा तू जेवायला आलास. हॅमचे तीन काप घेतलेस आणि म्हणालास, "मिली, एवढा ऑगस्ट होऊ दे. निवडणूक होऊ दे गं. कॅन्ससमध्ये गुलाम ठेवायचे की नाही हे तिथल्या लोकांनी ठरवायचं, असा कायदा वॉशिंग्टननं केल्यापासून इथं सगळ्यांची डोकी तापलीत. आपल्याकडे मत मोठ्यानं बोलून द्यावं लागतं. माझ्याच घरात काळ्यांना मोकळं सोडतात म्हटल्यावर चारचौघांत माझं नाव कोण घेईल?"

ओटमार म्हणाला, "कागद लिहून झालाय. उद्या जातो मी कोर्टात."

तू त्याच्याकडे बघितलंसही नाहीस. "दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय, मिली?"

सॅब्रा तेव्हा मक्याची भाकरी वाढत होती. तिला सातवा महिना होता. तुला डोळे आहेत, दादा. २९ जुलैला मुलगी झाली आणि नऊ दिवसांनी तुझी निवडणूक झाली.

आता ओटमार कागद नोंदवायला निघाला तर सॅब्राच नको म्हणते. मोकळ्या काळ्या माणसाला या जिल्ह्यात राहायचं तर परवाना लागतो. परवाना तुझ्या कचेरीतून. तू नाही दिलास की तिला जिल्हा सोडावा लागणार आणि पोर तुझ्याकडे राहणार. "ठेवा तो कागद पेटीत, बाई," म्हणाली. एवढंच म्हणाली.

मुलीचं नाव टेम्परन्स. आम्ही टेम्पी म्हणतो. तुझ्या नोंदीत नावाची जागा मोकळी असेल तर लिही.

मिली

१ एप्रिल १८५५

दादा,

परवा तू होडीतून उतरताना मी धक्क्यावर होते. तू मला पाहिलं नाहीस. कोटाच्या काजात तुमच्या बाजूची खूण म्हणून तागाचा झुबका खोवला होतास, तुझ्याबरोबरच्या सगळ्यांनीच खोवला होता, आणि कुणीतरी ढोल बडवत होता. कॅन्ससमध्ये मत देऊन आलात म्हणे. गुलामीच्या बाजूनं.

एक सांग. गेल्या ऑगस्टला आपल्या गावच्या पिंपवाल्याला तुम्ही मतदानाच्या टेबलापासून परत पाठवलंत. त्याला इथं येऊन वर्ष व्हायला अकरा दिवस कमी होते. तू मोठ्यानं म्हणाला होतास, "नियम म्हणजे नियम." आणि तू स्वतः? सकाळी नदी ओलांडलीस, दुपारी कॅन्ससचा रहिवासी झालास आणि संध्याकाळी घरी येऊन जेवलास. वर तूच सांगत फिरतोस की पूर्वेकडचे लोक भाड्यानं माणसं आणून निवडणूक चोरतायत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ओटमार म्हणतो, मत चोरलं की पुढची पायरी बंदुकीची असते. तिकडे जर्मनीत त्यानं बघितलंय. मी त्याला म्हटलं, आपल्याकडे असलं काही होत नाही. आपल्याकडे सगळे एकमेकांचे पाहुणे आहेत.

टेम्पीला दोन दात आलेत.

मिली

२० मे १८५७

अँब्रोज,

दूध सुटून वर्ष झालं होतं. मला वाटलं होतं, तू विसरलास. ते माझं चुकलं. तुला विसरायची सवय नाही.

काल तू टेम्पीला न्यायला आलास तेव्हा मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं, आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. तू ओट्यावर उभा राहून मला वर्तमानपत्र वाचून दाखवलंस. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं सांगितलंय की काळ्या माणसाला असा कुठलाच हक्क नाही जो गोऱ्या माणसानं मानायला हवा. "ऐकलंस? आता तरी तुझ्या डच नवऱ्याला समजेल." जर्मन माणसाला डच म्हणायची ही आपल्या लोकांची खोड. दहा वर्षं झाली, मी इथं त्या डचाची बायको आहे, आणि माझ्या भावानंही तेच म्हणावं!

गेल्या वर्षी सिनेटमध्ये एका सभासदानं दुसऱ्याला काठीनं रक्तबंबाळ होईस्तोवर बडवलं, तेव्हाही तू असाच खूश होऊन आला होतास. देशाचा कारभार करणारे एकमेकांची टाळकी फोडतात आणि तुम्ही त्या काठीचं कौतुक करता.

आणि हे सगळं कशासाठी? लुक्रीशियावहिनीला जेवणाच्या टेबलावरच्या माश्या हाकलायला पोर हवी होती. तीन वर्षंही पुरी झाली नाहीत तिला. मोरपिसांचा पंखा तिच्यापेक्षा उंच आहे.

सॅब्रा रडली नाही, म्हणून तू जाताना म्हणालास, "बघ, त्यांना आपल्यासारखं नसतं." ती तुझ्याशी काय बोलत होती ते तू ऐकलंस तरी का? ती सांगत होती, "मालक, तिचा उजवा कान दुखतो, वारा लागू देऊ नका. अंधाराला भीत नाही पण बंद दाराला भिते. गरम खात नाही, थोडं निवू द्या." तू हो हो म्हणत घोड्याचा पट्टा आवळत होतास. सॅब्राचा नवरा शेजारच्या मळ्यावरचा, दर नव्या वर्षी मालक त्याला कुठंतरी भाड्यानं देतो. त्याला पोर नेल्याचं कळायलाच महिना लागेल.

नाताळचा आठवडा तेवढा टेम्पीला आईकडे पाठवशील, असं कबूल केलंयस. मी हे लिहून ठेवते आहे, कारण तुझं कबूल करणं मला ठाऊक आहे.

पर्मीलिया

१२ नोव्हेंबर १८६०

अँब्रोज,

मंगळवारी कोर्टाच्या खिडकीखाली आमची गाडी उभी होती आणि मी गाडीत होते. बायकांना आत मज्जाव, पण खिडकी उघडी होती. मी सगळं ऐकलं.

तू नावं पुकारत होतास. एकेक जण टेबलापाशी येऊन राष्ट्राध्यक्ष कोण हवा ते मोठ्यानं बोलत होता. डग्लस. बेल. बेल. ब्रेकिनरिज. प्रत्येक नावाला कुणी ना कुणी आरोळी देत होतं, हशा होत होता, बाहेर व्हिस्कीचं पिंप फुटलं होतं. मग तू "ओटमार रील" म्हणालास.

"लिंकन."

तो काय बोलणार हे मला सकाळपासून माहीत होतं. मग कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोल रे डचा, ऐकू नाही आलं!"

"लिंकन," तो आणखी मोठ्यानं म्हणाला.

"अरे, त्याला शब्द येत नसेल. पुन्हा विचारा!"

तू पुन्हा विचारलंस. कायद्यात एकदाच विचारायचं असतं, अँब्रोज. तिसऱ्यांदा त्यानं नाव घेतलं ते मला वाटतं नदीपलीकडे गेलं असेल. तू लिहून घेतलंस आणि म्हणालास, "लिहिलं. आणि सगळ्यांनी ऐकावं, या माणसाचं आणि माझं आजपासून काही नातं नाही."

नातं माझ्यामुळे होतं. मला कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी भर दुपारी माणसं आली. तोंडं झाकायची तसदीही त्यांनी घेतली नाही. त्यातल्या दोघांच्या गाड्या ओटमारनं बांधलेल्या आहेत. त्यांनी कारखान्यातली तयार चाकं एकेक करून उतारावरून नदीत सोडली. सोळा होती. ओक लाकडाची चाकं, त्यामुळे तरंगत गेली. ओटमार दारात उभा होता आणि मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. लुक्रीशियावहिनीचा भाऊ त्या माणसांत होता. तू नव्हतास. तू नसतोसच. तू फक्त नोंद करतोस.

आणि आता नवी चिठ्ठी: या नाताळला टेम्पी येणार नाही. 'वातावरण योग्य नाही.' वर्षातून एक आठवडा, अँब्रोज! सॅब्रानं चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि मला म्हणाली, "मतं साहेबांनी दिली. पोर माझी अडकली."

मी त्यावर काय बोलू? तूच सांग, इतकं बोलतोस तर.

पर्मीलिया रील

६ मे १८६१

दादा,

आज रागानं लिहीत नाही. निदान तसा प्रयत्न करते.

वहिनीच्या स्वैपाकघरातून कळलं की तू आपली सगळी काळी माणसं जूनअखेर टेक्ससला हलवणार आहेस, उत्तरेच्या, युनियनच्या फौजेच्या हाती लागू नयेत म्हणून. टेम्पीसकट. टेक्सस म्हणजे सॅब्राच्या दृष्टीनं चंद्र. तिथून कुणी परत येत नाही.

दक्षिणेतली राज्यं फुटून गेली, किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, ओटमार सेंट लुईसला जाऊन युनियनच्या होमगार्डात भरती झाला, तू दक्षिणेच्या बाजूच्या आपल्या गव्हर्नरच्या फौजेत कॅप्टन झालास. आता तुम्ही एकमेकांवर गोळ्या झाडणार. त्यावर मी तुझी समजूत घालायला जात नाही. मी एकच मागते. टेम्पीच्या कागदावर सही कर. मी तुझ्या पाया पडते. आयुष्यात पहिल्यांदा पडते.

तुला वाटेल, बहीण सात वर्षं मलाच दोष देते. तर ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला डोळे होते. डोळे मलाही होते. त्या जूनमध्ये तू आमच्याकडे जेवत होतास तेव्हा माझ्या शिवणाच्या टोपलीत त्या बाळासाठी शिवलेली दोन झबली होती. मला मूल नाही, म्हणून मी हौसेनं शिवली होती. मृत्युपत्रातली ओळही मला पाठ होती. मी दोन्ही गोष्टी जाणत होते आणि ओटमारला म्हटलं, "दोन महिने थांब ना, एवढं काय बिघडतंय?" तो चिडून कारखान्यात निघून गेला.

का म्हटलं? तू निवडून यावास म्हणून. कारकुनाची बहीण झाले की चर्चमधल्या बायका मला पुन्हा पर्मीलिया टॉलिव्हर म्हणतील, डचाची बायको म्हणणार नाहीत, म्हणून. माझ्या त्या मानासाठी एक मूल गुलाम जन्मलं. आणि मान काही मिळाला नाही, ते बरंच झालं.

म्हणून म्हणते, हे आपण दोघांनी केलंय. निम्मं तरी आपण निस्तरू. सही कर, दादा.

मिली

क्विन्सी, इलिनॉय
२९ जुलै १८६१

अँब्रोज टॉलिव्हर,

तुझं पत्र हातोहात फिरत इथं पोचलं. मे महिन्यातल्या माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नव्हतंस. पाया पडून केलेली माझी विनंती तुला महत्त्वाची वाटली नसेल. माल गेला तेव्हा मात्र लगेच लिहिलंस.

'मुलगी परत कर. तू केलंस त्याला तुरुंग आहे. मी बहीण म्हणून सांभाळून घेतो. लढाई संपू दे, मग मी स्वतः सही करीन.'

लढाई संपू दे! तुझ्याकडे सगळ्याला एकच औषध आहे.

आता कसं नेलं ते लिहिते, म्हणजे तुला साक्षीदार शोधावे लागणार नाहीत. लुक्रीशियावहिनीला रागावू नकोस, तिची चूक नाही. तुम्ही लोक बूनव्हिलच्या लढाईतून पळत सुटलात (ओटमार म्हणतो, तुमची पाठ तेवढी दिसली), त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी एकटी गाडी घेऊन तुझ्या दारात गेले. सॅब्राला ओढ्यापाशी थांबवलं होतं. अंगणात कपड्यांचा डोंगर, पाण्याच्या कढया उकळत होत्या, वहिनी घामानं निथळत होती. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या परसातल्या बेरी तोडायच्या राहिल्यात. टेम्पीला आठवडाभर उसनी देतेस का?"

आपल्याकडे पोरं उसनी देतात-घेतात. चाळण द्यावी तशी. बाबांच्या वेळेपासून देतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि मलाही इतकी वर्षं वाटलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, "ने बाई. पण शनिवारी पोचती कर, सोमवारी पुन्हा कपडे आहेत. आणि नाक वाहतंय तिचं, रुमाल दे." तिनं स्वतः तिला उचलून गाडीत बसवलं आणि तिच्या मांडीवर माझ्यासाठी लोण्याचा गोळाही ठेवला. मी टॉलिव्हरांची मुलगी. मी खोटं बोलेन हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. तेवढ्या एका विश्वासावर मी तुझ्या घरातून माणूस चोरलं. लोणीही खाल्लं.

ओढ्यापाशी सॅब्रा गाडीत चढली. टेम्पीला आज सात वर्षं पुरी झाली. आईला तिनं ओळखलं, नाही असं नाही, पण नात्यातल्या एखाद्या बाईला ओळखावं तसं. "नाताळ आलाय का?" म्हणाली. सॅब्रा नाही म्हणाली. गाडी वळून आमच्या घराच्या रस्त्याला न लागता सरळ गेली, तेव्हा तिला काहीतरी समजलं असावं. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "बाई, आता मी कुणाची?"

मला वाटलं, हा प्रश्न येणार म्हणूनच मी सात वर्षं थांबले होते. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "कुणाचीच नाहीस तू आता."

तिनं भोकाड पसरलं. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. "मी काय केलं? मी पंखा नीट हलवते! मी झोपत नाही!" तिला वाटलं, तुम्ही तिला टाकून दिली. मी समजावू गेले तर तिनं माझा हात झिडकारला. मी लगाम धरून नुसती बघत बसले.

सॅब्रानं तिला ओढून मांडीवर घेतलं. "माझी," म्हणाली. "माझी आहेस. ऐकलंस? माझी." पोर ऐकेना, तरी ती म्हणतच राहिली, पुढचं गाव येईस्तोवर.

चार दिवस लागले. दोनदा युनियनच्या शिपायांनी अडवलं, एकदा तुमच्याकडच्या टोळीनं. टोळीतल्या पोरानं विचारलं, "या दोघी कुणाच्या?" मी म्हटलं, "कॅप्टन अँब्रोज टॉलिव्हरांच्या." टोपी काढून वाट दिली त्यानं. तुझं नाव आयुष्यात एवढंच माझ्या उपयोगी पडलं.

इथं, गुलामी नसलेल्या इलिनॉयमध्ये, मी एक खोली घेतली. मला वाटलं होतं, आम्ही तिघी राहू. तिसऱ्या दिवशी सॅब्रानं धुलाईच्या ठिकाणी काम पकडलं आणि पोरीचा हात धरून निघाली. मी म्हटलं, "सॅब्रा, अगं इथंच राहा. आता कसली भीती आहे?"

ती दारात थांबली. "मिलीबाई, तुम्ही चोरी केलीत माझ्यासाठी. ते मी पोरीला सांगीन. ती झबली कधी शिवलीत, तेही सांगीन."

मला वाटत होतं, हे फक्त मला माहीत आहे आणि मेपासून तुला. ती टोपली रोज तीच झाडून जागेवर ठेवायची, आणि मृत्युपत्र वाचलं तेव्हा ती दारामागे उभी होती. जेवताना तू बोललास, ओटमार बोलला, मी बोलले. तिनं सगळं ऐकलं आणि भाकरी वाढली. सात वर्षं ती माझ्या घरात हे घेऊन वावरत होती, आणि मी तिच्यासमोर तुला शिव्या देत होते.

काल तुझं पत्र आलं तेव्हा ते घेऊन मी तिच्याकडे गेले. तिच्या पोरीबद्दल आहे म्हणून वाचून दाखवलं. ती कपडे पिळत होती. 'लढाई संपू दे' हे तिनं मला दोनदा वाचायला लावलं. मी विचारलं, "काय कळवू दादाला? तू सांगशील ते लिहिते."

"माझ्या वतीनं काही लिहू नका," म्हणाली. "आजवर माझ्या वतीनं तुम्हीच बोललात सगळे."

तेव्हा हे फक्त माझ्या वतीनं. मुलगी परत येणार नाही. सही करू नकोस, तिची आता गरज नाही. वॉरंट काढायचं असेल तर नाव पूर्ण लिही: पर्मीलिया टॉलिव्हर रील, क्विन्सी, धक्क्याजवळची तिसरी गल्ली. मी घरीच असते.

सिनेटवाले म्हणायचे थोडं थांबू, कोर्टवाले म्हणायचे थोडं थांबू, तू म्हणालास आणि मीही म्हणाले. थांबून थांबून आपण इथवर आलो. ओटमारची तुकडी नैर्ऋत्येकडे तुमच्या मागावर निघालीय, काल त्याचं पत्र आलं. मी त्याला लिहिलं नाही की माझ्या भावाला सांभाळ. दोन वेळा कागद पुढे घेतला आणि दोन्ही वेळा ती ओळ लिहिली नाही.

तू मरावंस असं मला वाटत नाही, दादा. तू हरावंस असं वाटतं, सगळ्यांदेखत, आणि लवकर.

पर्मीलिया